संघनायक कसा घडवावा? सीमाभागातील स्काउट-गाइड पथकांच्या शिक्षकांसाठी

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेतील शिक्षकांनी विचारले आहे की, यंदा शाळेचे स्काउट-गाइड पथक त्यांच्याकडे आले असून आठवी-नववीची मुले-मुली हौसेने गणवेश घालून येतात. मात्र नेमलेले संघनायक, म्हणजे पथकातल्या छोट्या गटांचे (संघांचे) नायक, नुसते हुकूम सोडतात आणि बाकीची मुले सरांच्या तोंडाकडे पाहत उभी राहतात. अशा वेळी नेतृत्वाचे प्रशिक्षण कसे द्यावे, थोड्या पैशांत कोणते मैदानी उपक्रम घ्यावेत आणि साहस शिबिरे भरवणाऱ्या एखाद्या बाहेरच्या संस्थेला बोलवावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. बेळगाव परिसरात पथक चालवण्यात आणि नव्या शिक्षकांना या कामाची ओळख करून देण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नेतृत्वावर व्याख्यान देऊन संघनायक तयार होत नाही. सहा ते आठ मुलांच्या एका संघाला खरे काम द्यावे लागते, म्हणजे असे काम की जे झाले नाही तर त्याची झळ त्याच संघाला लागेल. भात करपला तर करपलेलाच भात त्यांना खावा लागेल, ताडपत्री नीट बांधली नाही तर दवात त्यांचेच अंथरूण ओले होईल. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा जेमतेम वीसेक मुले असूनही त्यांनी ती चार संघांत वाटली आणि प्रत्येक संघ एका मोठ्या मुलाच्या हाती दिला. आपल्या बहुतेक शाळांमध्ये नेमके हेच हरवले आहे. पथक एका रांगेत उभे राहते, सर शिट्टी वाजवतात, सर शिकवतात, सरच मोजतात. संघनायकाच्या खिशावर पट्ट्या असतात, पण त्याच्या हातात काम नसते. ज्याला काही ठरवायचेच नाही, तो हुकूम सोडण्याशिवाय दुसरे काय करणार? तेव्हा दोष त्या मुलांचा नाही, रचनेचा आहे, आणि ती रचना बदलणे शिक्षकाच्या हातात आहे.

संघनायक पहिल्याच आठवड्यात नेमू नये. वर्गातील पहिला क्रमांक, खणखणीत आवाज आणि उंची या तीन गोष्टींवर नेमणूक होते असा सर्वत्र अनुभव आहे, आणि या तिन्हींचा मुले सांभाळण्याशी फारसा संबंध नसतो. जून-जुलैमध्ये प्रत्येक संघात दर आठवड्याला वेगळ्या मुलाकडे जबाबदारी द्यावी आणि आपण बाजूला बसून पाहावे. चालताना मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतो, खाऊ वाटताना स्वतःला शेवटी कोण घेतो, दोर न सांगता गुंडाळून कोण ठेवतो, एवढे पाहिले तरी पुरे. त्यानंतर संघाने आपला नायक स्वतः सुचवावा आणि शिक्षकांनी त्याला मान्यता द्यावी. मुलांची निवड बहुधा चुकत नाही. ती चुकलीच तरी तीन-चार महिन्यांनी बदलता येते. उपसंघनायक मात्र संघनायकाने स्वतः निवडावा, कारण दोघांचे जमणे सर्वांत महत्त्वाचे असते.

आता मूळ प्रशिक्षणाकडे येतो. सर्व संघनायक आणि उपसंघनायक यांचा मिळून एक वेगळा संघ मानावा आणि त्याचे संघनायक शिक्षकांनी स्वतः व्हावे. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर पथकाची बैठक असेल, तर या संघाची बैठक गुरुवारी घ्यावी. शनिवारी पथकाला जे शिकवायचे ते गुरुवारी फक्त या सहा-आठ मुलांना शिकवावे, आणि शनिवारी शिक्षकांनी तोंड उघडू नये. उदाहरणार्थ, प्रथम सोपानातील, म्हणजे स्काउट अभ्यासक्रमाच्या एका सुरुवातीच्या टप्प्यातील, बोलाईन ही न सरकणाऱ्या फासाची गाठ घ्या. गुरुवारी ती एकदा सावकाश बांधून दाखवावी, मग प्रत्येकाकडून बांधून घ्यावी, आणि त्यानंतर सर्वांत आवश्यक भाग म्हणजे प्रत्येकाने ती शेजारच्याला शिकवावी. शिकवणाऱ्याने समोरच्याच्या हातातला दोर काढून घ्यायचा नाही, हा एकच कडक नियम ठेवावा. शिकणाऱ्याचे बोट अडले की आपण दोर हिसकावून गाठ मारून दाखवतो, आणि तिथेच शिकणे थांबते. शनिवारी संघातल्या सर्वांत कच्च्या मुलाला डोळे मिटून ती गाठ मारता आली की नाही, यावर संघनायकाचे गुण ठरवावेत; त्याची स्वतःची गाठ किती सुबक आहे, यावर ठरवू नयेत. महिनाभरात मुलांच्या वागण्यातला फरक दिसू लागतो, कारण कच्च्या मुलाला मागे ठेवून पुढे जाणे आता संघनायकाला परवडत नाही.

याच गुरुवारच्या बैठकीत काम सांगण्याची रीत शिकवावी, कारण आपले प्रश्नकर्ते ज्या हुकूमशाहीबद्दल तक्रार करतात तिचे मूळ बहुतेक वेळा उद्धटपणात नसून अजाणतेपणात असते. ‘कुणीतरी पाणी आणा रे’ असे म्हटले की पाणी येत नाही, आणि मग आवाज चढतो. नाव घेऊन सांगावे, किती आणि केव्हापर्यंत ते सांगावे, आणि ऐकणाऱ्याकडून एकदा वदवून घ्यावे. एवढ्यानेच निम्मी आरडाओरड थांबते. कामांची पाळी कागदावर लिहून भिंतीवर लावावी: स्वयंपाक, सरपण, पाणी, भांडी, झाडलोट, शौचखड्डा. पहिल्या दिवशी शौचखड्ड्याची पाळी संघनायकाने स्वतःकडे घ्यावी, असा माझा आग्रह असतो. ज्या संघात असे होते, तिथे दुसऱ्या दिवशी त्या कामाला नाही म्हणायला कोणी धजत नाही. आपल्या गावांतील जातीपातीच्या सवयी मुले घरून घेऊन येतात आणि त्या पाण्याच्या घागरीपाशी नि भांड्यांच्या ढिगापाशी सर्वांत आधी दिसतात. तेव्हा पाळी फिरती असावी आणि तिच्यात कोणालाही सूट असू नये.

महिन्यातून एकदा संघनायकांची सभा, जिला आपण कोर्ट ऑफ ऑनर म्हणतो, नियमाने भरवावी. पुढच्या महिन्यात काय करायचे, त्याला खर्च किती येईल, कोणाची वर्गणी राहिली आहे आणि ती का राहिली आहे, एखाद्याने गैरवर्तन केले असेल तर काय करावे, हे विषय तिथे यावेत. एका मुलाने किंवा मुलीने वृत्तांत लिहावा. शिक्षकांनी बसावे, विचारले तर सांगावे, पण मत देऊ नये. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हाच नकाराधिकार वापरावा आणि तो का वापरला हे मुलांना समजावून सांगावे. पैशांचा हिशेब मुलांपुढे उघडा ठेवल्याने बिघडत नाही. उलट आपल्याकडे किती रुपये आहेत हे कळल्यावर मुले काटकसरीने आणि डोके चालवून बेत आखतात.

शिक्षकांना अवघड जाते ते गप्प बसणे. संघ रस्ता चुकतो आहे, चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडली आहे, हे दिसत असताना जीभ आवरणे सोपे नाही. यासाठी दोन प्रकारच्या गोष्टी मनाशी वेगळ्या कराव्यात. जेवण उशिरा होणे, तंबू वाकडा उभा राहणे, दोन किलोमीटर जास्त चालावे लागणे, शेकोटीच्या कार्यक्रमात नाटुकले फसणे या गोष्टी बिघडू द्याव्यात. पाणी, आग, उंची, वाहता रस्ता, आजार आणि एखाद्या मुलाचा अपमान या गोष्टी बिघडू देऊ नयेत. तिथे क्षणाचाही विलंब न करता शिक्षकांनी मध्ये पडावे. पहिल्या प्रकारात मध्ये पडलो नाही, तर दुसऱ्या प्रकारात आपला शब्द मुले ताबडतोब ऐकतात.

मैदानी उपक्रमांची चढती पायरी ठरवावी आणि तिच्यातली एकही गाळू नये. पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर आणि व्हरांड्यात गाठी, लॅशिंग (दोराने काठ्या एकमेकींना बांधणे), प्रथमोपचार, नकाशा-वाचन; पाऊस ओसरल्यावर गावाच्या शिवारातच अर्ध्या दिवसाची भटकंती; त्यानंतर दिवसभराची सहल आणि संघवार स्वयंपाक; मग शाळेच्याच आवारात एका रात्रीचा मुक्काम; आणि सर्वांत शेवटी बाहेरचे दोन-तीन रात्रींचे शिबिर. या वेळापत्रकात आपल्या भागाचे दोन हिशेब धरावे लागतात. पहिला पावसाचा: कणकुंबी-जांबोटीकडच्या पट्ट्यात अथणी-रायबागच्या कितीतरी पट पाऊस पडतो, त्यामुळे चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यातील शाळा सप्टेंबरमध्ये जे करू शकते ते खानापूरच्या पश्चिम भागातील शाळेला जमणार नाही. दुसरा शेतीचा: भातकापणीची सुगी सुरू झाली की घराघरांत मुलांचे हात लागतात, आणि त्या दिवसांत शिबिर ठेवले तर नेमकी कष्टकरी घरातली मुले गैरहजर राहतात. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत एक दिवसाचे उपक्रम आणि सुगी आटोपल्यावर, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत, मुक्कामाचे शिबिर हा क्रम मला योग्य वाटतो. त्या काळात रात्री तापमान साधारण १२ ते १४ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा प्रत्येकाकडे कांबळे किंवा जाड चादर आहे ना, हे संघनायकाने आधीच घरी जाऊन पाहावे. कोणाकडे नसेल तर संघाने गाजावाजा न करता सोय करावी.

ठिकाणांची आपल्याला वाण नाही. बेळगाव शहराजवळच्या शाळांना येळ्ळूरचा राजहंसगड दिवसाच्या सहलीसाठी उत्तम आहे. वर गेल्यावर भोवतालचा मुलूख नकाशासारखा पसरलेला दिसतो आणि दिशा व अंतर शिकवायला याहून चांगली जागा नाही. खानापूरकडच्या मुलांना हलशीची कदंबकालीन मंदिरे आणि तिथवरची शेतवाट पुरते. देवरवाडीचा वैजनाथ डोंगर आणि महिपाळगड हेही जवळचे आहेत, परंतु ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतात. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर शाळेच्या परवानगी-पत्रात ते स्पष्ट लिहून घ्यावे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी कळवावे. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या जंगलात अस्वले, गवे आहेत, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून मुलांना आत नेणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो. तो लांबून, कठड्याच्या आतून दाखवावा.

चालण्याचा सराव हा स्वतंत्र विषय मानावा, कारण संघाचे संघपण सर्वांत लवकर वाटेवर कळते. सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाला पुढे ठेवावे, उपसंघनायकाने शेवटी राहावे आणि संघनायकाने मधून पुढे-मागे फिरत राहावे. मुलांच्या जोड्या कराव्यात आणि दर थांब्याला जोडीने मोजणी घ्यावी. पाठीवर सामान असलेल्या मुलांसाठी तासाला तीन किलोमीटर हा हिशेब धरावा आणि चढ असेल तर वेळ वाढवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हे लक्षात आले की मुले दोऱ्याने वाट मोजून पोहोचण्याची वेळ स्वतः सांगू लागतात. रात्री दिशा शिकवताना एक स्थानिक गोष्ट ध्यानात ठेवावी. ध्रुवतारा क्षितिजापासून त्या जागेच्या अक्षांशाइतका वर दिसतो, आणि बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने आपल्याकडे तो बराच खाली असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे दीड मुठीच्या उंचीवर तो शोधावा. उत्तरेला डोंगर किंवा दाट झाडी असेल तर तो दिसणारच नाही. शिवाय डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, त्यामुळे तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या इंग्रजी एम अक्षरासारख्या आकृतीवरून ध्रुव शोधायला शिकवावे.

स्वयंपाकासाठी तीन दगडांची चूल, एक पातेले, एक तवा, एक पळी एवढे साहित्य प्रत्येक संघाला पुरते, आणि ते घरांतून जमते. एका जेवणाला माणशी सुमारे शंभर ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम डाळ धरली तर खिचडी किंवा आमटी-भात पोटभर होतो. बाजार संघानेच करावा. बेत ठरवणे, यादी करणे, भाव विचारणे आणि उरलेले पैसे परत आणून हिशेब देणे हे सगळे नेतृत्वाचेच शिक्षण आहे. सरपण वाळके, जमिनीवर पडलेलेच घ्यावे. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेले असते, तेव्हा चुलीभोवती दोन हात जागा साफ करून शेजारी पाण्याची बादली भरून ठेवल्याशिवाय काडी पेटवू देऊ नये. पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे आणि शौचखड्डा विहीर-ओढ्यापासून किमान साठ मीटर दूर असावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कोणाचीही गय करत नाही, आणि नव्या शिक्षकांनीही करू नये. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा या नद्यांत, धरणांच्या फुगवट्यात आणि विशेषतः दगडाच्या पाणी भरलेल्या खाणींत मुलांना पोहू देऊ नये, घोट्यापर्यंतच्या पाण्यात पाय बुडवायलाही शिक्षक जवळ असल्याशिवाय सोडू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव आणि विजा येतात, तेव्हा दुपारच्या आत माथ्यावरून खाली उतरावे. कड्याकपारीला आग्या मोहोळ दिसले तर तिथे धूर, आरडाओरड, दगड फेकणे असले काहीही होऊ देऊ नये आणि वाट बदलावी. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, वर दोरी आवळणे यातले काही न करता चावलेला अवयव हलू न देता मुलाला झोपवून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. मंत्र-गंडेदोऱ्यात वेळ घालवू नये, हे पालकसभेतही सांगावे. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात गोचिडींमुळे माकडताप पसरतो आणि त्याचा काळ मुख्यतः डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या शिबिरांचा असतो. म्हणून पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा आणि संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का याची तपासणी हा रोजचा नियम असावा, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे सांगावे. जांबोटीच्या पुढे अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. १०८ क्रमांकावर फोन कोठून लागतो आणि जवळचे आरोग्य केंद्र कोणत्या गावात आहे, हे शिबिराआधी प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि प्रत्येक संघनायकाच्या वहीत लिहून घ्यावे. किमान दोन प्रौढ माणसे सतत हजर असावीत, कोणत्याही मुलासोबत एकट्याने एकांतात राहू नये, गाइड मुलींसोबत शिक्षिका असल्याशिवाय मुक्काम ठेवू नये, आणि पालकांची लेखी संमती व मुलाच्या आजाराची-औषधांची माहिती हाती असल्याशिवाय गाडी हलवू नये.

संघ भाषेच्या बाबतीत मिश्र असावेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्या गावांत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी घरे शेजारी-शेजारी नांदतात, आणि एकाच शाळेत नसली तरी तालुका-जिल्हा मेळाव्यात ही मुले एकत्र येतात. १९०९ साली बंगळूरात भारतातले पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. भारतीय मुलांना दार उघडावे म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, आणि वेगवेगळ्या वाटांनी चाललेल्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स उभी राहिली. कोणाला कोणाशेजारी बसता यावे, हा प्रश्न या चळवळीत आरंभापासून आहे. शेजारच्या कन्नड शाळेच्या पथकाबरोबर वर्षातून एक संयुक्त सहल ठेवावी आणि त्या दिवसापुरते संघ मिसळावेत. शब्द अपुरे पडले की संघनायकाला करून दाखवावे लागते, थांबून समोरच्याचे ऐकावे लागते, आणि आपले म्हणणे पोहोचले का हे पाहावे लागते. मराठी मुलांनी आपली भाषा अभिमानाने बोलावी आणि मेळाव्यात उपयोगी पडेल इतके कन्नड आनंदाने शिकावे. स्काउटच्या नियमात सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काउटचा भाऊ असे म्हटले आहे ते याच अर्थाने.

बाहेरच्या संस्थेबद्दल माझे मत असे की, पहिल्या वर्षी बोलवू नये. तारेवरून घसरणे किंवा दोरावरून उतरणे मुलांना थरारक वाटते, यात शंका नाही. पण पट्टा दुसऱ्याने बांधलेला, दोर दुसऱ्याने धरलेला, निर्णय दुसऱ्याने घेतलेला, तेव्हा संघनायकाला त्यात काही करायला उरत नाही. मुले तयार झाल्यावर दोरकामाची खरीच आवड दिसली, तर कर्नाटक शासनाच्या जनरल थिमय्या राष्ट्रीय साहस अकादमीसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षित प्रशिक्षकांकडेच जावे.

प्रत्येक उपक्रमानंतर त्याच दिवशी पंधरा मिनिटे संघाने गोल करून बसावे. सर्वांत लहान मुलाने आधी बोलावे, संघनायकाने सर्वांत शेवटी. आधी काय जमले, मग काय राहिले, आणि पुढच्या वेळी नेमके काय वेगळे करायचे. दोष सांगताना कामाचे नाव घ्यावे, माणसाचे घेऊ नये. स्काउट-गाइडांच्या राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्काराच्या चाचण्यांसाठी नोंदी लागतात, त्या याच बैठकींच्या वहीतून आपोआप तयार होतात. पुरस्कारासाठी शेवटच्या महिन्यात फाइल भरवण्याची जी पद्धत पडली आहे, तिने मुलांचे नुकसानच होते.

यंदाच्या वर्षापुरते सांगायचे तर, नववीच्या संघनायकांकडे जानेवारीच्या शिबिराची पूर्ण आखणी आत्ताच सोपवावी आणि तारीख, ठिकाण व हाती असलेली रक्कम एवढेच त्यांना सांगावे. पुढच्या वर्षी ही मुले दहावीत जातील आणि एसएसएलसी परीक्षेमुळे त्यांना वेळ मिळणार नाही. म्हणून शिबिराच्या शेवटच्या दिवशीचा सगळा कारभार आठवीतल्या उपसंघनायकांकडे द्यावा आणि जुन्या नायकांनी त्या दिवशी फक्त विचारले तर सांगावे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा गुरुवारच्या बैठकीला बसणारा संघ मग शिक्षकांकडे तयार असेल.